दोन टोकांना दोघी

मित्रांनो, बसण्याआधी पाय पुसा. मग हवं तेवढं बसा, माझी काही हरकत नाही. मी सतरंजी आहे. वय सत्तावीस, लांबी पंधरा फूट, रुंदी बारा, रंग निळा आणि विटकरी. निळा आता निळा राहिलेला नाही हे मला ठाऊक आहे, कुणी सांगायला नको! एका कोपऱ्यात चहाचा डाग आहे, दुसऱ्यात उदबत्तीनं पडलेलं भोक आहे, आणि मधोमध इतकी झिजले आहे की आतला ताणा दिसतो. वजन मात्र तेवढंच आहे. एकट्या माणसाला मी नीट पसरता येत नाही. माझी सगळी कहाणी या एवढ्याच गोष्टीवर उभी आहे.

माझा जन्म तुरुंगात झाला. घाबरू नका, गुन्हा माझा नव्हता. तुरुंगातल्या कारखान्यात कैदी विणकाम करतात. बारा फुटांच्या मागावर एकट्याचा हात पोचत नाही, म्हणून दोघं शेजारी शेजारी बसतात. माझ्या मागावरचे दोघेही जबलपूरजवळच्या पाटणकडचे होते, मारामारीच्या गुन्ह्यात आत आलेले. एकमेकांचं तोंड पाहायची इच्छा नव्हती त्यांना. पण सूत ठोकायचा लोखंडी पंजा दोघांनी एकाच वेळी मारावा लागतो, नाहीतर वीण वरखाली होते. माझा पहिला हातभर भाग बघा, वाकडा आहे. पुढे वीण सरळ होत गेली. त्यांच्यात काय बोलणं झालं ते मला सांगता येणार नाही, तेव्हा मी पुरती झालेली नव्हते.

तुरुंगातल्या वस्तूंचं एक प्रदर्शन जबलपुरात भरलं होतं. तिथून विनतानं मला घरी आणलं. ही विनता सुभेदार, जबलपूरच्याच गढा भागातल्या एका शाळेत हिंदी नि संस्कृत शिकवायची. तिचे पूर्वज भोसल्यांच्या चाकरीत इकडे आले ते इथलेच झाले. घरात मराठी, दाराबाहेर पाऊल टाकलं की हिंदी. नवरा लवकर गेला, मुलगा अनिमेष शिकायला म्हणून पुण्याला गेला आणि तिकडेच राहिला. सगळी गल्ली तिला दीदी म्हणते, मी मात्र अगं-तुगं करते. एवढी वर्षं वजन सोसलंय तिचं, तेवढा हक्क आहे माझा.

पहिली काही वर्षं मी हळदीकुंकवं पाहिली, गणपतीच्या आरत्या ऐकल्या, मराठी मंडळाच्या बायकांची नाटकाची तालीम सहन केली. बरं चाललं होतं. माझं खरं काम सुरू झालं ते एका टुल्लू पंपामुळे.

त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत अनुपमनं नळाला टुल्लू पंप जोडला. सगळं पाणी त्याच्याकडे ओढलं जाऊ लागलं नि समोरच्या सुशांतच्या घरी हंडा भरेना. आधी शिव्या झाल्या, मग काठ्या निघाल्या. सुशांतच्या डोक्याला टाके पडले. पोलिसांत तक्रार, कोर्टाच्या तारखा, आणि सात महिने दोन घरांत बोलणं बंद. गल्लीतल्या पोरांनी क्रिकेटसुद्धा वेगवेगळं खेळायला सुरुवात केली.

विनतापासून पाच घरं सोडून अंजनी राहायची. तिचा नवरा कारखान्यात कामाला होता, तो वारल्यावर ती मुगाच्या वड्या घालून विकायची. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, पण कोणाच्या घरात काय शिजतंय नि काय जळतंय हे तिला बाहेरूनच कळायचं. ती हिंदी बोलायची, विनता मराठी, आणि दोघींचं कधी काही अडलं नाही.

"अगं अंजनी, हे लोक एकमेकांचा जीव घेतील. आपण काहून नाही बोलावून पाहत दोघांना?" विनता म्हणाली.

"बुला लेते हैं, दीदी. जादा से जादा गाली खाएँगे."

रविवारी सकाळी दोघं आले. अंगणाच्या दोन कोपऱ्यांत हाताची घडी घालून उभे राहिले. विनताची कंबर धरलेली होती, अंजनीच्या हातात चहाची किटली होती, आणि मी भिंतीशी घडी घालून पडलेली. बड्डे म्हणजे आमच्या जबलपुरात दादा. अंजनी कडाडली, "काय बड्डे, खड़े-खड़े का देख रहे हो? दीदी की कमर दुख रही है. एक इधर से पकड़ो, एक उधर से!"

अंजनीला नाही म्हणायची हिंमत गल्लीत कोणाची नव्हती. दोघांनी मला उचललं. अनुपमनं जोरात ओढलं, तशी मी सुशांतच्या हातून निसटले.

"अरे, छोड़ काहे दी?"

"तुमने झटका दिया."

"अच्छा, चलो, धीरे से."

मित्रांनो, सात महिन्यांनंतर त्या दोघांत झालेलं हे पहिलं बोलणं. आणि ते माझ्याविषयी होतं! विनताच्या काही लक्षात आलं नाही. ती वही शोधत होती. अंजनीच्या मात्र बरोबर लक्षात आलं. तिनं किटली खाली ठेवली आणि त्या दोघांकडे बघत राहिली. तासाभरानं ठरलं की सगळ्यांचे हंडे भरल्यावरच पंप लागेल. उठताना अंजनीनं दोघांना पुन्हा हाक मारली आणि घडी त्यांच्याकडूनच घालून घेतली. घडी घालताना दोघांना आपापलं टोक हातात धरून एकमेकांकडे चालत यावं लागतं, मग हाताला हात लागतोच. सुशांतला तेव्हा हसू आलं होतं, मी जवळून पाहिलंय.

तिथून अंजनीचा नियम झाला. भांडण घेऊन आलात तर सतरंजी तुम्ही दोघांनी मिळून पसरायची, आणि भांडण मिटो न मिटो, घडी घालूनच घरी जायचं. कोणी अधिकारी असो की मंत्र्याचा मेहुणा, सूट नाही.

त्यानंतरची वीस वर्षं माझ्या भाग्याची होती. दर रविवारी अंगणात बैठक बसायची. भिंतीच्या वादात अडकलेले भाऊ आले, सुनेशी न बोलणारी सासू आली, कोचिंग क्लासवाले आले, देवळाचे दोन विश्वस्त आले. विनता वहीत सगळं सुंदर अक्षरात लिहून घ्यायची, काय ठरलं ते वाचून दाखवायची, सह्या घ्यायची. बोलणं अंजनी करायची. कोण खोटं बोलतंय हे ती त्याच्या पायांकडे बघून ओळखायची. खोटं बोलणारा माझ्या कडेचं सूत अंगठ्यानं उसवत बसतो, म्हणायची. खरं होतं ते. माझ्या कडा अशानंच गेल्या!

एका वर्षी दुर्गाविसर्जन आणि मोहरम अगदी लागून आले. मिरवणुकीच्या रस्त्यावरून दोन्हीकडची मंडळी हातघाईवर आली होती. दोन दिवस दुकानं बंद होती. पोलीस ठाण्याचे साहेब स्वतः विनताच्या दारात आले. मला शाळेच्या मैदानावर नेलं आणि दोन्ही समित्यांच्या दांडग्या माणसांनी मला चारही बाजूंनी धरून पसरलं. दुपारपर्यंत वेळा ठरल्या, रस्ते ठरले. दोन्ही मिरवणुका सुखरूप गेल्या. वर्तमानपत्रात फोटो आला, त्यात विनता आणि अंजनी माझ्या दोन टोकांना उभ्या आहेत. माझा रंग फोटोत फार छान आला होता, हे मी मुद्दाम सांगते.

तेव्हापासून विनताच्या डोक्यात एक विचार घुसला. ती म्हणायची, "आग लागली तर बंब आहे, आजार झाला तर दवाखाना आहे. भांडण पेटायच्या आधी धावून जाणारं सरकारात कोणीच नाही. सगळे नंतर येऊन राहिले, पंचनामे करायले." आपल्या गल्लीत जमतं ते प्रत्येक मोहल्ल्यात, प्रत्येक तहसिलीत का जमू नये? देशाचा एक आयोग असावा, शांततेसाठी नि वाद मिटवण्यासाठी. त्याची माणसं गावोगाव असावीत, आणि त्यांना कोणाला धरायचं-सोडायचं ते नाही, तर दोघांना एकत्र बसवायचं कसं ते शिकवलेलं असावं. अंजनी मान हलवायची. "हओ दीदी, लिख दो. दिल्ली वालों का भी तो लड़ना-झगड़ना कम नहीं है."

पाच वर्षांपूर्वी दिल्लीतल्या एका समितीनं खरोखरच असा आयोग स्थापन करायच्या सूचना लोकांकडून मागवल्या. विनता नाचायचीच बाकी राहिली! सहा महिने ती माझ्यावर बसून लिहीत होती, चौरंगावर लॅपटॉप आणि शेजारी वह्यांचा ढीग. अंजनी भिंतीला टेकून सांगायची. वहीत नसलेलं सगळं तिच्या तोंडात होतं. कोणाला आधी बोलू द्यायचं, कोणाला आधी रडू द्यायचं, चहा नेमका कधी द्यायचा, आणि चहा नको म्हणणाऱ्याला काय म्हणायचं. चाळीस पानं झाली. त्यातली तीस तरी अंजनीची होती.

मग एका दुपारी विनता फॉर्म भरायला बसली. अंजनी वड्या वाळवायला घरी गेलेली. प्रस्ताव देणाऱ्याच्या रकान्यात विनतानं दोन नावं लिहिली, विनता सुभेदार आणि अंजनी बाई. दोन्ही मावली. ती बराच वेळ त्याकडे बघत राहिली. मग तिनं दुसरं नाव पुसलं. मी खाली होते, मला सगळं दिसत होतं. ओरडता आलं असतं तर त्या दिवशी ओरडले असते मी. खाली मदतनीसांसाठी जागा होती, तिथे तिनं अंजनीचं नाव टाकलं आणि पुढचे रकानेही पटापट भरले.

प्रस्ताव स्वीकारल्याचं पत्र आलं. विनतानं गल्लीतल्या बायकांना बोलावलं आणि खोव्याची जलेबी मागवली. फॉर्मची प्रत सगळ्यांच्या हातातून फिरत फिरत दीपाकडे आली. दीपा ही अंजनीची सून. सासूचं नाव दिल्लीला गेलं म्हणून ती हरखलेली. तिनं मोठ्यानं वाचायला घेतलं. "प्रस्तावक, श्रीमती विनता सुभेदार, सेवानिवृत्त शिक्षिका. सहायक, अंजनी बाई. शिक्षा, निरक्षर. कार्य..." इथे तिचा आवाज खाली गेला.

"पढ़ ना," अंजनी म्हणाली.

"कार्य, बैठक व्यवस्था एवं चाय."

अंजनीनं हातातला जलेबीचा तुकडा बशीत परत ठेवला. विनता घाईघाईनं म्हणाली, "अगं, फॉर्ममध्ये जागाच नव्हती. एकच नाव मावत होतं. मी काय करू?"

अंजनी तिच्याकडे नाही, तिच्या पायांकडे बघत होती. विनताचा अंगठा माझ्या कडेचं सूत उसवत होता.

"जगह कम थी तो अपना नाम छोटा लिख लेतीं, दीदी," अंजनी म्हणाली. उठली, चपला घातल्या आणि गेली. माझी घडी न घालता ती घरी गेली, असं वीस वर्षांत पहिल्यांदाच झालं.

विनताला वाटलं, दोन दिवसांत येईल. नाही आली. विनतानं जायला हवं होतं, पाच तर घरं. तीही नाही गेली. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती समजावत राहिली की सरकारी फॉर्म कसे असतात, रकाने किती लहान असतात, अंजनी किती मनाला लावून घेते. ऐकणारे मान हलवायचे. मी तिच्या खाली असायचे आणि मला तिचा राग यायचा, खरंच यायचा.

बैठका काही दिवस चालल्या. माणसं यायची, मला पसरायची. विनता लिहून घ्यायची आणि वाचून दाखवायची. पण वाद सुटेना. एकदा दोन चुलतभाऊ मला पसरून, तासभर गप्प बसून, घडी न घालताच निघून गेले. तिनं मग मला कशीबशी गोळा केली, नायलॉनच्या दोरीनं बांधली आणि कपाटामागे लोटून दिली.

मित्रांनो, कपाटामागे काय असतं ते सांगते. धूळ असते, पाल असते, आणि पलीकडून ऐकू येणारं घर असतं. चार वर्षं मी ते घर ऐकलं. सकाळी एक कप चहा व्हायचा, एकच. भाजीवाल्याची हाक आली की विनता दाराशी जाऊन थांबायची, फटीतून बघायची, आणि अंजनी भाजी घेऊन गेली की मगच बाहेर पडायची. रविवारी अनिमेषचा फोन यायचा.

"आई, तू बरी आहेस ना? आवाज असा का येतोय?"

"बरी आहे रे. वाचून राहिली होती."

काही वाचत नव्हती ती. दुपारभर रेडिओ लावून बसायची आणि मध्येच बंद करायची. कधी कधी मोठ्यानं म्हणायची, "पण मी इतकं काय केलं?" उत्तर द्यायला मी होते फक्त, आणि मला तोंड नाही. माझ्या अंगावर कोणी बसत नव्हतं. तिच्या घरात कोणी बसत नव्हतं. दोघी एकाच घरात असून किती एकट्या होतो आम्ही, काय सांगू!

यंदाच्या थंडीत दिल्लीहून फोन आला. आयोगाचा मसुदा तयार होत होता. जागोजागी जाहीर सुनावणी होती, जबलपूरची नेपियर टाउनमधल्या एका सभागृहात. विनताची पद्धत त्यांना फार आवडली होती. मसुद्यात तिच्यावर एक सबंध प्रकरण घालायचा विचार होता. सतरंजी घेऊन या, सगळ्यांना करून दाखवा, म्हणाले. पसरायला माणसं आम्ही देऊ.

चार वर्षांनी माझी दोरी सुटली. ऑटोत पाय ठेवायच्या जागी मला कोंबलं आणि आम्ही निघालो. अंजनीच्या घरावरून ऑटो गेली तेव्हा विनतानं पर्समध्ये काहीतरी शोधायला सुरुवात केली.

सभागृहात लांब टेबलं होती, माइक होते, नावांच्या पाट्या होत्या. दोन शिपायांनी मला पसरलं. पटकन, सफाईनं, एकही शब्द न बोलता. कोणी ओढलं नाही, कोणाच्या हातून मी निसटले नाही. फोटो काढले गेले. असं पसरलं जाण्यापेक्षा कपाटामागे बरी होते, असं मला वाटलं.

सुनावणी हिंदीत होती, मी तुम्हाला मराठीत सांगते. विनता छान बोलली. शिक्षिका ना! टुल्लू पंपाची गोष्ट सांगितली, मिरवणुकीची सांगितली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग समितीच्या अध्यक्ष मॅडमनी चष्मा काढला आणि विचारलं, "विनताजी, हे प्रकरण आम्ही लिहू. एक शंका आहे. ज्याची चूक आहे तोच मान्य करत नसेल, उलट कारणं सांगत असेल, तर अशा माणसाचं तुम्ही काय करता?"

प्रश्न साधा होता. मॅडमना बिचाऱ्यांना काही ठाऊक नव्हतं. विनता पाणी प्यायली. माझ्या कडेच्या सुताकडे गेलेला अंगठा तिनं मागे घेतला.

"मला माहीत नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"ते अंजनीला माहीत आहे. ही पद्धत तिची आहे. सतरंजी दोघांनी पसरायची हे तिला सुचलं, मला नाही. मी फक्त लिहून घ्यायचे. तुमच्या फॉर्मवर मी तिचं काम चहा म्हणून लिहिलंय."

सभागृहात कुजबुज झाली. मॅडमनी विचारलं, "मग त्या आज इथे का नाहीत?"

"मी तिला बोलावलं नाही," विनता म्हणाली आणि खुर्चीत बसली.

मॅडम चांगल्या होत्या. त्यांनी तिथेच नोंद बदलायला लावली. पहिल्या जागी अंजनीचं नाव आलं, पुढे मुख्य मध्यस्थ असं लिहिलं गेलं, आणि शिक्का मारलेली प्रत विनताच्या हातात पडली. परत येताना ऑटोत ती तो कागद पुन्हा पुन्हा वाचत होती. मला वाटलं, हिला वाटतंय आता झालं.

ऑटो तिनं अंजनीच्या दारात थांबवली. ऑटोवाल्यानं मला पायरीशी उतरवलं. दार अंजनीनं उघडलं. केस पुष्कळ पांढरे झाले होते तिचे. विनतानं कागद पुढे केला.

"हे बघ अंजनी, त्यांनी तुझं नाव पहिलं घातलं. शिक्का आहे."

"कागज दीपा को दे दो, वो पढ़ लेगी," अंजनी म्हणाली. "ये तो उन्होंने लिखा. तुम्हें क्या कहना है?"

"अगं, तेव्हा त्या फॉर्ममध्ये..." विनतानं सुरुवात केली. अंजनीची नजर खाली तिच्या पायांकडे गेली. विनता थांबली.

मग ती म्हणाली, "जागा होती. दोन नावं मावत होती. मी तुझं लिहिलं होतं आणि पुसलं. मला वाटलं, दिल्लीत एकदा तरी माझ्या एकटीचं नाव जावं. माझं चुकलं, अंजनी."

चार वर्षं मी ज्या वाक्याची वाट पाहत होते ते हेच. आता अंजनी हिला मिठी मारेल, असं मला वाटलं. तुम्हालाही वाटलं असेल. अंजनीनं पदरानं तोंड पुसलं.

"हओ," ती म्हणाली. "सुन लिया. चार साल में पाँच घर चल के आईं तुम, दीदी. मुझे भी टाइम लगेगा."

आणि तिनं दार लोटलं. जोरात नाही, हळूच.

विनतानं मला घरी नेलं नाही. ऑटो गेली होती आणि एकटीनं मला नेणं शक्य नव्हतं, हे एक. पण दुसरंही असावं काही. ती वाकली, माझी एक बाजू ओढली, मग धावत दुसऱ्या बाजूला गेली आणि ती ओढली, तोवर पहिली गोळा झाली. सत्तरीच्या बाईची ती धावपळ बघून गल्लीतली पोरं थांबली. कोणीतरी मदतीला पुढे आलं, तर तिनं हातानं थांबवलं. शेवटी अंजनीच्या दारासमोर मी पसरले एकदाची, तिरकी, मध्ये फुगवटा घेऊन. विनता एका टोकावर बसली. अंधार पडायच्या आत उठली, मला पायरीच्या आडोशाला सरकवलं आणि घरी गेली.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता ती पुन्हा आली. तिसऱ्या दिवशीही. ना दार वाजवते, ना हाक मारते. मला पसरायची, बसायची, उठायची. लोक विचारतात, "दीदी, किसका झगड़ा है?" ती म्हणते, "मेरा." पाचव्या दिवशी दीपानं चहा आणून दिला. आतून पाठवला की तिनं स्वतः आणला, मला कळलं नाही. विनता तो अर्धाच प्यायली.

काल अकरावा दिवस होता. दार उघडलं. अंजनी उंबरठ्यावर उभी राहिली. विनताकडे तिनं पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. कपाळाला आठ्या पडल्या.

"टेढ़ी बिछी है," ती म्हणाली, आणि आत गेली.

विनताला आधी हसू आलं. मग ती रडली, तोंडाला पदर न लावता, सगळ्या गल्लीसमोर.

मित्रांनो, तो आयोग अजून कागदावरच आहे. होईल तेव्हा चांगलाच होईल. पण तुमचं कोणाशी बिनसलं असेल, आणि चूक तुमची आहे हे तुम्हाला मनातून माहीत असेल, तर त्या आयोगाची वाट पाहू नका. आजच जा. कारणं घरी ठेवून जा. समोरचा लगेच हसला नाही तरी परत जा. आणि माझ्यासारख्या जुन्या वस्तूंना कपाटामागे ढकलू नका, आम्हाला तिथे फार एकटं वाटतं.

आता पाच वाजत आलेत, काल मला पसरलेलीच सोडून गेलेली विनता येईल. तुम्ही इथे खुशाल बसा, अगदी दाटीवाटीनं बसा. फक्त पलीकडच्या टोकावर कोणी बसू नका. तिथे अंजनी बसणार आहे.